आठवा नट

"घे," दाजी वरून म्हणाले.

मी पाना ओढला. आधी सोडायच्या बाजूला केसभर, मग परत आवळायच्या बाजूला, मग पुन्हा सोडायच्या. नट कुरकुरला. जळालेल्या रॉकेलचा धूर खाली उतरून सरळ माझ्या डोळ्यांत गेला. गाडीखाली पोत्यावर उताणं पडलेल्या माणसाला डोळे पुसायलाही हात मोकळा नसतो. उजवा हात स्टिअरिंगच्या दांड्यामागून वर गेलेला, डावा चॅसीला धरलेला. मी तसाच पाणावलेल्या डोळ्यांनी पाना मागंपुढं करत राहिलो. पाचव्या-सहाव्या खेपेला नट सुटला आणि फिरायला लागला.

"आला," मी खालून म्हणालो.

"आला न्हवं? मग नाक कशाला वढतोस?"

"धूर गेला डोळ्यात."

"सासऱ्याच्या दारात जाऊन असंच नाक वढ. बिचारा कळवळून पोरगी दील."

वर इंगवलेसाहेब हसल्याचा आवाज आला. सात नट निघाले होते. एक राहिला होता.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरला दाजींचं आणि माझं गॅरेज होतं. दाजी म्हणजे जोतिराम, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. माझ्या हातात पहिला पाना त्यांनी दिला आणि त्यावर माझी बोटं कशी ठेवायची तेही त्यांनीच दाखवलं. आईवडील लवकर गेले होते. हौसाआक्का आणि दाजी, एवढंच माझं घर. घर म्हणायचं आपलं. ते दोघं दाजींच्या दोन भावांच्या संसारात एका खोलीत, मधे पडदा लावून अकरा वर्षं राहत होते. आक्काची स्टोव्हची पाळी दोन्ही जावांच्या नंतर यायची. मी गॅरेजच्या माळ्यावर झोपायचो, टायरांच्या शेजारी.

त्या माळ्यापायीच माझं लग्न अडलं होतं. गडहिंग्लजकडची मालन मला पसंत होती, मी तिला पसंत होतो. तिच्या वडलांनी मात्र गॅरेज बघितलं, माळ्याची शिडी बघितली आणि म्हणाले, पोरगा गुणाचा आहे, पण माझी लेक शिडीवरून चढून नांदायला जाणार नाही. दिवाळीपर्यंत थांबतो, तोवर डोक्यावर कौलं दाखवा. दिवाळीला दीड महिना उरला होता.

अशा वेळी इंगवलेसाहेबांचा निरोप आला. साहेब साखर कारखान्यातून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांचा मळा, आणि मळ्यात लांबच लांब पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये सहा जुन्या विलायती गाड्या. माणसं म्हातारपणी देवदेव करतात, साहेब गाड्या पुसायचे. त्यांतली अडतीस सालची सहा सिलिंडरची गाडी चालू केली की बाजूने फट-फट-फट असा आवाज करायची. आधीच्या कुणी तरी व्हॉल्व्हचे टॅपेट वाजतात म्हणून दोनदा इंजिन उघडलं होतं. मी उदबत्ती पेटवली आणि तिचा धूर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या, कडेने हळूहळू नेला. मागच्या कोपऱ्याशी आल्यावर आवाजाच्या ठेक्यावर धूर बाहेर फेकला जायला लागला. गळती तिथं होती. मॅनिफोल्ड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग जळून गेलं होतं.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

"पॅकिंग बदलायचं काम एवढंच. पण त्यासाठी मॅनिफोल्ड काढायला पाहिजे. आणि हे आठ नट पन्नास वर्षांत कुणी सोडलेले दिसत नाहीत."

साहेबांचा चेहरा पडला. शेजारच्या गाडीकडं त्यांनी बोट केलं. तिचे दोन स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेले आणि नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे, एका मिस्त्रीनं जोर लावून मोडले होते, मग मोडलेले तुकडे काढायला वाकडं भोक पाडलं होतं, आणि तो ब्लॉक कायमचा वाया गेला होता. त्यांना ते दुःख अजून गिळता आलं नव्हतं.

"निवास," ते म्हणाले, "मला इथं कायमचा एक माणूस हवाय. सहा गाड्या सांभाळायला. शेडमागं दोन खोल्या आहेत, नळ आहे, पुढं अंगण आहे. हे आठही नट स्टड न मोडता काढलेस तर त्या खोल्यांची किल्ली तुझी. ताकदीची माणसं मी बघितली. मला थांबता येणारा माणूस पाहिजे."

दाजी शेजारीच उभे होते. परत येताना मी त्यांच्या मोटारसायकलीवर मागं बसलो होतो. मी गेलो तर गॅरेज त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडणार होतं. रंकाळ्याजवळ आल्यावर दाजींनीच मान न वळवता विषय काढला.

"जा की. गॅरेजचं माझं मी बघतो."

"दाजी, तुमी एकटं..."

"तुझं लगीन झालं म्हंजे हौसाच्या जिवाचा घोर जाईल. माझ्या मागं लागलीया नुसती, निवासचं बघा, निवासचं बघा."

वडील असते तर असंच बोलले असते, असं मला वाटलं. गाडीच्या मागच्या सीटवर मी चक्क डोळे पुसले.

गंजलेला नट सोडवायची आमची एक पद्धत होती, आणि ती दोघांचीच होती. चार दिवस नटांना रॉकेल पाजायचं. मग एकानं गॅसची बत्ती धरायची, दुसऱ्यानं पाना. ज्योत नटावर मारायची, स्टडवर नाही. नट लाल झाला की फुगतो आणि त्याचं भोक मोठं होतं, तेवढ्या चार श्वासांत पाना फिरवायचा. उशीर झाला तर नट परत आवळतो. घाई केली तर नट जागचा हलत नाही आणि आतला स्टड पिळून तुटतो. म्हणून पानेवाल्यानं स्वतःची अक्कल चालवायची नाही. बत्तीवाल्याने 'घे' म्हटलं की घ्यायचं. दहा वर्षांत दाजींचं 'घे' कधी चुकलं नव्हतं.

पहिले सहा नट वरूनच निघाले. शेवटचे दोन मात्र केबिनच्या पत्र्याला इतके चिकटून होते की बत्ती वरून पोचत होती आणि पाना फक्त खालून. म्हणून मी गाडीखाली. ज्योत मला दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

सातवा निघाल्यावर साहेबांनी चहा मागवला. चहा पितापिता मी शेडच्या मागच्या दारातून त्या खोल्यांकडं बघत होतो. लाल कौलं, बंद दार, दारापुढं शेणाने सारवलेलं अंगण. मालनला शिडीवरून चढावं लागणार नव्हतं. साहेबांनी माझी नजर पकडली.

"एकच राहिला," ते म्हणाले.

"व्हय साहेब."

दाजींनी चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवला. "चल," ते म्हणाले, "हात गार व्हायच्या आत उरकू."

मी पुन्हा पोत्यावर सरकलो. पाना नटावर बसवला आणि डोळे मिटून घेतले. वर फुस्स करून ज्योत पेटली. तिचा घोगरा आवाज सुरू झाला. मी मनात आकडे मोजत होतो. सातव्याला नव्वदपर्यंत मोजलं होतं. ह्या वेळी पन्नासही झाले नसतील.

"घे."

"एवढ्यात?"

"कडंचा नट हाय, लौकर तापला. घे."

मी पाना केसभर ओढला, परत आवळला, परत ओढला. डोळ्यांत धूर आला नाही. मला वाटलं, मघाशी मी नाक ओढत होतो म्हणून दाजींनी ह्या नटावरचं रॉकेल आधी पुसून घेतलं. एवढी काळजी कोण घेतं, असं मनात आलं माझ्या. खरंच आलं.

मग पाना अचानक मऊ लागला. ह्या धंद्यातल्या माणसाला तो मऊपणा मनगटात कळतो. नट सुटताना कुरकुरतो. स्टड पिळताना काहीच आवाज येत नाही, हातातलं लोखंड नुसतं गोड वागायला लागतं. मी थांबलो.

"दाजी, ह्यो पिळतोय वाटतं. अजून तापवा."

"लालबुंद झालाय लेका. आता थांबलास तर गार हुईल."

"नक्की?"

"मी बघतोय का तू बघतोयस? घे."

मी घेतला.

कट् असा बारीक आवाज झाला. पाना मोकळा झाला, आणि त्यातून निसटलेला नट, मोडक्या स्टडच्या तुकड्यासकट, माझ्या गळ्यावर पडला. लाल नट अंगावर पडला की कातडी सोलून जाते. मी अंग आखडलं, मान वळवली आणि चटक्याची वाट बघितली.

चटका बसलाच नाही.

मी तो नट गळ्यावरून उचलला. गार होता. नुसता गार नाही, ओला होता. चार दिवस पाजलेलं रॉकेल जसंच्या तसं त्याच्या अंगाला होतं, माझी बोटं त्यानं माखली. ह्या नटाला ज्योत लागलीच नव्हती. तो घोगरा आवाज पन्नास आकड्यांपर्यंत हवेतच जळत होता.

वर साहेब विचारत होते, "काय झालं?"

"मोडला, साहेब," दाजी म्हणाले. जरा थांबून पुढं म्हणाले, "जोर जास्त लागला त्याचा. पोराच्या डोक्यात लगीन बसलंय."

मी लगेच बाहेर आलो नाही. आलो तेव्हा नट माझ्या मुठीत होता. दाजी बत्तीची चावी बंद करत होते, आणि एवढ्याशा कामाला त्यांना बराच वेळ लागत होता. साहेब वाकून ब्लॉकमध्ये बघत होते. स्टड ब्लॉकच्या बरोबरीनं तुटला होता. इंजिन खाली उतरवल्याशिवाय आता तिथं कुणाचा हात पोचणार नव्हता.

साहेब सरळ झाले. ते इंजिनिअर होते, दूधखुळे नव्हते.

"निवास, नट पुरता तापला होता का?"

मूठ उघडायची, एवढंच करायचं होतं. साहेबांनी बोट लावलं असतं आणि पुढं कुणाला काही सांगावं लागलं नसतं. उद्यमनगरात दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यांवर ती गोष्ट पोचली असती आणि दाजींच्या हाती कुणी सायकलही दिली नसती. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला आक्का दिसत होती, त्या पडद्याच्या खोलीत, जावांच्या तोंडासमोर, मोडक्या अब्रूच्या नवऱ्याला जेवायला वाढताना.

"तापला होता," मी म्हणालो. "घाई माझीच झाली."

साहेबांनी हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली.

"जोतिराम, मग तुम्हीच का येत नाही?"

मला वाटलं, निदान आता तरी दाजी अडखळतील. गॅरेजचं नाव काढतील, उद्या सांगतो म्हणतील.

"साहेब म्हणत असतील तर येतो की," दाजी म्हणाले.

बाहेर हातपंपावर दाजी हाताला माती लावून हात धूत होते. मी दांडा मारत होतो. इतक्या वर्षांची सवय, ते हात धुताना मी दांडा मारायचो.

"दाजी, नट गार हुता."

"असंल."

"वला हुता."

त्यांनी हात झटकले. "निवास, तू सव्वीस वर्षांचा हायस. तुला धा घरं मिळतील. आमचं वय निघून चाललंय."

"मग मागायचं हुतं माझ्याकडं. मी दिलं असतं."

"दिलं नसतंस."

मी दिलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मालनचं तोंड आठवलं की वाटतं, नसतं दिलं. पण मला विचारायला हवं होतं. माझ्याच पान्यानं, माझ्याच हातून ते काम करून घ्यायला नको होतं. दुसऱ्या कुणी मला फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ह्या माणसाला शिव्या देताना कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची तेच मला कळेना.

"एक करा," मी म्हणालो. "आक्काला ह्यातलं काय कळू देऊ नका. तिला सोसायचं न्हाई."

दाजींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग गुमान जाऊन मोटारसायकल चालू केली. मी नट पंपाजवळच्या चिखलात टाकला आणि मळ्यापासून गावापर्यंत चालत आलो.

आठवड्याच्या आत मालनच्या वडलांचा निरोप आला. साखर कारखान्यातला एक क्लार्क त्यांना मिळाला होता. पुढच्या रविवारी आक्कानं मला जेवायला बोलावलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण नाही गेलो तर तिला संशय येईल, म्हणून दाढी करून, धुतलेला सदरा घालून गेलो. दाजी घरात नव्हते, मळ्यावर गेले होते. पडदा काढून टाकला होता आणि त्याच पडद्यात भांडी बांधून ठेवली होती. आक्कानं मटण केलं होतं. माझ्या ताटात तिनं नळी वाढली. आमच्यात ती नेहमी दाजींना असायची.

"मालनचं दुसरीकडं ठरलं," मी म्हणालो. कधी तरी सांगायचंच होतं.

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

"ठरू दे. तुला धा पोरी मिळतील."

मी खाली मान घालून जेवत होतो. तिनं पदराने कपाळ पुसलं.

"सायेब तुझ्यावर लई रागावलं न्हाईत न्हवं?"

"न्हाई."

"सात नीट निघालं म्हणून."

"व्हय."

"मी म्हटलंच हुतं त्यास्नी," रस्सा ढवळत आक्का म्हणाली. "एकच मोडा. आन् तो बी शेवटचा. सात निघाल्यावर पोराच्या हाताला कोण नावं ठिवणार न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, भीती नव्हती. लहानपणी माझ्या वाटचा लाडू स्वतःच खाल्ल्यावर ती जसं बघायची तसंच, थोडं लाजून, पण हक्कानं.

"तुला ठावं हुतं?" मी विचारलं.

"ह्ये तयारच न्हवतं व्हईत. चार रात्री झोपलं न्हाईत. म्हणायचं, निवासनं सायबास्नी सांगितलं तर? मी म्हटलं, त्यो सांगायचा न्हाई. माझा संसार मोडंल असं त्यो तोंडातनं काढायचा न्हाई. माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय त्यो." तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "आन् बघ, न्हाईच सांगितलंस."

पंपावर दाजी काय बोलायला गेले होते ते मला आता कळलं. मी गप्प बसलो तो तिच्यासाठी. आणि मी गप्प बसणार, हे तिनं आधीच धरून ठेवलं होतं. दाजींचा राग मला चार दिवस पुरला होता. हिचा राग कुठं ठेवायचा, ते मला कळेना. समोर तिनं माझ्यासाठी केलेलं जेवण होतं.

"रागावलास?" तिनं विचारलं.

मी ताटातलं संपवलं. ताटात काही टाकायचं नाही, हेही तिनंच शिकवलं होतं. हात धुवायला उठलो तेव्हा ती माझ्या मागं दारापर्यंत आली.

"निवास, गुरुवारी त्या नव्या खोल्यांत ऱ्हायला जायचं, भरली कळशी न्यायची हाय. माहेरचं माणूस म्हटलं तर तूच एकटा. तू पुढं हुईपर्यंत मी उंबऱ्यात पाय टाकणार न्हाई, मी ह्यास्नी सांगून ठेवलंय. येशील न्हवं?"

"येतो," मी म्हणालो.

गुरुवारी ती दुपारी बारापर्यंत त्या उंबऱ्याबाहेर उभी होती म्हणतात, पाण्यानं भरलेली कळशी कडेवर घेऊन. शेवटी दाजींनी तिला हाताला धरून आत नेलं. त्यानंतर तिनं दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः गॅरेजच्या दारापर्यंत येऊन गेली. मी आतूनच काम आहे म्हणालो. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. दाजी गेले, साहेब गेले, गाड्या कुणी कुणी नेल्या. ती अजून तिथंच राहते असं ऐकतो. त्या दोन खोल्या आतून कशा आहेत, ते मला माहीत नाही.